बीपीच्या गोळ्या आणि रक्ताभिसरण

बीपीची गोळी म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, असं सोलापुरात बऱ्याच घरांत धरून चालतात, पण तसं नाहीये. रक्त पातळ करायची म्हणतात ती ॲस्पिरिनसारखी गोळी वेगळी, ती गुठळी होऊ देत नाही. बीपीच्या गोळ्या काम करतात ते रक्तवाहिन्यांवर, हृदयाच्या जोरावर नाहीतर अंगातल्या मीठ-पाण्यावर.

ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचं उदाहरण बघा. बारीक धमन्यांच्या भिंतीतला स्नायू आवळायला कॅल्शियम आत शिरावं लागतं, ही गोळी ती वाट अडवते, नळी सैल पडते आणि दाब उतरतो. पूर्ण असर यायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी बीपी मोजून गोळी लागू पडत नाही म्हणू नका. हिच्याने काहींचे घोटे सुजतात, यंत्रमागावर दिवसभर उभं राहणाऱ्याला संध्याकाळी चप्पल घट्ट होते आणि घरचे किडनी गेली म्हणून घाबरतात. बहुतेकदा होतं असं की धमनीकडची वाट मोठी झाली पण शिरेकडची परतीची तेवढी झाली नाही, मग केशवाहिन्यांत, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या अगदी बारीक नळ्यांत, दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हटत नाही, टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी जोडली की बऱ्याचदा कमी होते कारण तिने शिराही सैल होतात. तरी सूज डॉक्टरांना दाखवाच, कारण दुसरंही असू शकतं.

मेटोप्रोलोल ही बीपीची आणखी एक गोळी हृदयाचे ठोके कमी करते, त्याने काहींचे हातपाय गार पडतात. ती एकदम बंद केली तर बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं.

लघवीची गोळी मीठ-पाणी बाहेर काढते, त्यामुळे शेंगाचटणी-लोणचं तसंच चालू ठेवलं तर तिचा जोर कमी पडतो. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो तेव्हा उन्हाने कातडीखालच्या वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात, घामाने पाणी गेलेलं असतं, वरून ही गोळी, मग पलंगावरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी सोडू नका.

वर्षानुवर्षं वरचं बीपी 180 वर राहिलेल्याला 140 ला आल्यावरही सुरुवातीला गळून गेल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या मेंदूच्या वाहिन्या चढ्या दाबाला सरावलेल्या असतात, आणि बरेच जण गोळी नेमकी इथेच सोडतात. त्या वाहिन्या हळूहळू नव्या दाबाशी जुळवून घेतात, म्हणून तर डॉक्टर डोस पायरीपायरीने वाढवतात.