डायनासोरच्या हाडाचं कार्बन डेटिंग का होत नाही

कुठे डायनासोरचं हाड निघालं की बातमीत ते हमखास 'पुरातत्त्वज्ञांना' सापडतं, आणि लोकांचा पहिला प्रश्न असतो, 'कार्बन डेटिंग केलं का?' नागपुरात तरी हा घोळ होऊ नये. काटोल रोडजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं लोहयुगातल्या माणसांनी रचली, ते पुरातत्त्व. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला एकोणिसाव्या शतकात शंख आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले, ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे, ते पुराजीवशास्त्र. तेव्हा माणूस नव्हताच.

आता कार्बन. कार्बन-14 हा कार्बनचा किरणोत्सारी, हळूहळू विघटत जाणारा प्रकार; तो किती उरला यावरून कार्बन डेटिंगमध्ये वय काढतात. सजीवाच्या 1 ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-14चे सुमारे 6,000 कोटी अणू असतात. मेल्यानंतर दर 5,730 वर्षांनी त्यातले निम्मे उरतात. 36 वेळा निम्मे केले की जेमतेम एक अणू शिल्लक राहतो आणि तोवर लोटलेली असतात दोन लाख सहा हजार वर्षं. यंत्रं तर सुमारे 50 हजार वर्षांपाशीच हात टेकतात. तरीही डायनासोरचं हाड पाठवलंच, तर आकडा येऊ शकतो! बाहेरचा 1 टक्का ताजा कार्बन मिसळला, तर कितीही जुनी वस्तू सुमारे 38 हजार वर्षांची दिसते. 'माणूस आणि डायनासोर एकत्र नांदले' म्हणणारे असलेच आकडे मिरवतात.

म्हणूनच उत्खननातला लोणारी कोळसा स्वच्छ चिमट्याने उचलून अॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवतात. चिठ्ठी आत टाकत नाहीत, बाहेर लावतात. झाडांची बारीक मुळं वेचून काढतात. जीवाश्माचं तंत्र निराळं. ठिसूळ हाड विरळ रेझिन (डिंकासारखं कृत्रिम द्रव्य) पाजून पक्कं करतात, त्यावर ओला कागद आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टरबरोबर हाडाचे पापुद्रे निघतात. हेच रेझिन शिळावर्तुळातल्या हाडाला पाजलं आणि ते पुरतं निघालं नाही, तर खनिज तेलातला कार्बन-14 नसलेला कार्बन मिसळून हाडाचं वय फुगतं.

जीवाश्माचं वय बहुधा वरखालच्या बेसॉल्टवरून, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावरून काढतात. त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-40चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 125 कोटी वर्षं, आणि त्याच्या काही भागाचा आरगॉन वायू होतो. वितळलेल्या लाव्हातून आरगॉन निसटून जातो; लाव्हा थिजला की साचू लागतो, आणि किती साचला यावरून वय कळतं. मुरूम होत चाललेल्या दगडातून तो गळतो आणि वय कमी येतं. त्यामुळे वरचा तांबूस, भुसभुशीत थर टाकून देऊन आतला काळा, टणक दगडच नमुन्याला घेतात.