गाडी उचलली म्हणजे नेमके काय उचलले?

सलग ॲक्सल असलेल्या ऑफ-रोड गाडीखाली टॉर्च घेऊन वाकून पाहिले, तर जमिनीच्या सर्वांत जवळ दिसतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, फुगीर गोळा. दोन चाकांना जोडणाऱ्या नळीच्या मधोमध किंवा थोडा एका बाजूला तो लोंबत असतो आणि वाटेतल्या दगडाशी पहिली गाठ बहुधा त्याचीच पडते. या गाडीला 50 मि.मी. अधिक लांबीच्या स्प्रिंगा बसवल्या, तर बंपर वर जातो, दारे वर जातात, चालकाची नजरही वर जाते. हा गोळा मात्र होता तिथेच राहतो. स्प्रिंग ॲक्सलच्या वर बसलेली असते आणि ती आपल्यावरच्या भागालाच उचलू शकते. ‘गाडी दोन इंच उचलली’ असे सहज म्हटले जाते, तेव्हा कोणता भाग कशापासून उचलला हे विचारल्याशिवाय त्या दोन इंचांना फारसा अर्थ नसतो.

जमिनीपासून गाडीच्या छतापर्यंत मोजत गेले, तर वाढवता येण्याजोगी अंतरे तीन आहेत. पहिले जमिनीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे टायरची त्रिज्या. दुसरे ॲक्सलपासून चासीपर्यंतचे, जे स्प्रिंग ठरवते. तिसरे चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी यांच्यामधले, जिथे मूळचे रबरी गादे असतात. सलग ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलला जमिनीपासून दूर नेणारे अंतर यांतले फक्त पहिले. टायरचा व्यास 775 मि.मी.वरून 840 मि.मी. केला, तर वाढ 65 मि.मी.ची होते, पण गोळ्याच्या वाट्याला त्यातले निम्मे, सुमारे 32 मि.मी. येतात. मोठा टायर मूळच्या चाककमानीत मावत नाही, तो वळताना किंवा वर दबताना पत्र्याला घासतो. म्हणून सस्पेन्शन किंवा बॉडी उचलण्याचा एक मोठा उद्देश त्याला जागा करून देणे हाच असतो.

दुसरा उद्देश कोनांचा आहे. पुढच्या बंपरखालून चढ गाठण्याचा कोन, मागच्या बंपरखालून उतरण्याचा कोन आणि दोन ॲक्सलांच्या मध्ये पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन, हे तिन्ही चासी वर गेल्यावर वाढतात. दोन ॲक्सलांमधले अंतर 2,750 मि.मी. असेल आणि मधल्या भागाची जमिनीपासूनची उंची 220 मि.मी. असेल, तर उंचवटा ओलांडण्याचा कोन सुमारे 18 अंश भरतो. ती उंची 270 मि.मी. झाली की तो 22 अंशांवर जातो. बांध किंवा टेकाडाचा माथा ओलांडताना हे चार अंश स्पष्ट जाणवतात.

बॉडी लिफ्टबद्दल थोडक्यात सांगता येते. चासी आणि बॉडी वेगळी असलेल्या गाडीत प्रत्येक रबरी गाद्याबरोबर नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घालून लांब बोल्टांनी बॉडी पुन्हा आवळायची, एवढेच हे काम आहे. स्प्रिंगा, शाफ्ट आणि चाकांचे कोन यांना धक्का लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र बॉडीला धरलेले सगळे वर जाते आणि चासीला धरलेले खाली राहते, त्यामुळे या दोहोंना जोडणारी प्रत्येक वस्तू तपासावी लागते: स्टिअरिंगचा दांडा, डिझेल भरण्याची नळी, गिअरचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, वायरी. रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला आणि पंखा इंजिनाबरोबर जागीच राहिला, की पंख्याची पाती भोवतालच्या प्लास्टिकच्या कवचाला खालच्या बाजूने खरवडू लागतात. चासीच वेगळी नसलेल्या एकसंध बांधणीच्या गाडीत या अर्थाने बॉडी उचलता येत नाही, हे उघड आहे.

सस्पेन्शनची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे बल वाढते, हा नियम रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडला आणि उंची वाढवण्याचे सगळे मार्ग त्यातूनच निघतात. समजा, एका स्प्रिंगवर 5,000 न्यूटन भार आहे आणि तिची कडकपणाची पातळी दर मिलिमीटरला 25 न्यूटन आहे. ती उभ्या गाडीत 200 मि.मी. दबलेली असेल. तिच्या माथ्यावर 50 मि.मी. जाडीची चकती ठेवली, किंवा तेवढ्याच कडकपणाची पण 50 मि.मी.ने लांब स्प्रिंग घातली, तर गाडी तेवढीच उचलली जाते आणि स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. लांबी तीच ठेवून स्प्रिंग अधिक कडक घेतली, तर ती 150 मि.मी.च दबायला हवी, म्हणजे कडकपणा 33 न्यूटनांपर्यंत न्यावा लागतो. गाडीच्या वरखाली होण्याची नैसर्गिक वारंवारता तेव्हा सेकंदाला सुमारे 1.1 वरून 1.3 वर जाते आणि रिकाम्या गाडीत बसलेल्यांना प्रत्येक खड्डा मोजता येतो. कायम जड विंच, जादा टाकी आणि सामान वाहणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंग शोभते. बाकीच्यांनी ती का घ्यावी, हे मला अजून कळलेले नाही. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सस्पेन्शनमध्ये जादा पाटा घालणे, मागच्या ॲक्सलवर ठोकळा ठेवणे किंवा शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी, लांब करणे हे मार्ग आहेत. त्यांतल्या लांब शॅकलने तिच्या वाढीव लांबीच्या साधारण निम्मीच उंची मिळते.

चाकाची वरखाली होण्याची एकूण मर्यादा बहुतांशी शॉकॲब्सॉर्बरची लांबी आणि रबरी थांबे ठरवतात, स्प्रिंग नव्हे. चाक एकूण 200 मि.मी. हलत असेल, त्यातले 90 वर दबण्यासाठी आणि 110 खाली लोंबण्यासाठी असतील, तर जुनाच शॉकॲब्सॉर्बर ठेवून गाडी 50 मि.मी.ने उचलल्यावर हिशेब 140 आणि 60 असा होतो. एकूण बेरीज तीच राहते, फक्त खाली लोंबण्याची सोय घटते. खाचखळग्यात एक चाक खोल गेले की ते जमिनीपर्यंत पोहोचत नाही, हवेत लटकते. साध्या डिफरन्शियलची गाडी अशा वेळी ते एकच चाक गरगर फिरवत उभी राहते. दिसायला उंच, पण खडकाळ वाटेवर मूळच्या गाडीहून दुबळी, अशा गाड्या तयार होतात त्या बहुधा याच चुकीमुळे. लांब शॉकॲब्सॉर्बर आणि त्याला जुळणारे थांबे उंचीच्या कामात आधी मोजायला हवेत.

यानंतर येते भूमिती. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो, त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे हा अक्ष टायरच्या स्पर्शबिंदूच्या थोडा पुढे जमिनीला भेटतो, टायर त्याच्यामागून ओढला जातो आणि वळण संपताच स्टिअरिंग आपोआप सरळ होते. अनेक गाड्यांत पुढच्या ॲक्सलला घट्ट धरलेले दोन लांब हात मागे चासीपर्यंत जातात. चासी वर गेली की हातांची मागची टोके वर जातात आणि हातांबरोबर ॲक्सलही आपल्याभोवती फिरतो, वरचा भाग पुढे झुकतो. हाताची लांबी 900 मि.मी. असेल, तर 50 मि.मी. उंचीने सुमारे 3.2 अंशांचा कॅस्टर जातो. मूळचा कॅस्टरच काही अंशांचा असल्याने तो जवळपास संपून जातो आणि मोठ्या रस्त्यावर गाडी सरळ राहण्याऐवजी भरकटू लागते, स्टिअरिंग सतत सावरावे लागते. मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे बुश किंवा हातांची मागची टोके खाली आणणारे ब्रॅकेट बसवून तो परत मिळवता येतो.

त्याच पुढच्या ॲक्सलला आडवे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड चासीच्या एका बाजूपासून ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूपर्यंत तिरपा जातो. तो अधिक उभा झाला की ॲक्सल एका बाजूला ओढला जातो. 900 मि.मी. लांबीच्या रॉडची दोन टोके मूळात 100 मि.मी. खालीवर असतील, तर 50 मि.मी. लिफ्टनंतर ॲक्सल सुमारे 7 मि.मी. सरकतो. लांबी जुळवता येणारा रॉड हा दोष दूर करतो. स्टिअरिंगचा दुवा आणि हा रॉड एकमेकांना समांतर राहिले नाहीत, तर मात्र प्रत्येक उसळीला चाके स्वतःहून थोडी वळतात.

हूकचे नाव या कामात पुन्हा भेटते, कारण इंजिनाची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना असलेला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे तिरप्या कोनातही फिरणारा सांधा, त्याच्याच किंवा इटालियन गणिती कार्दानोच्या नावाने ओळखला जातो. तिरप्या शाफ्टला फिरवताना हा जॉइंट एका फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो, आणि हा चढउतार साधारण कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आखूड, 1,000 मि.मी. लांबीच्या शाफ्टच्या दोन टोकांच्या उंचीत 100 मि.मी.चा फरक असेल, तर कोन 5.7 अंश असतो; तो फरक 150 मि.मी. झाला, की 8.6 अंश. कोन दीडपट होतो, पण वेगातला चढउतार अर्ध्या टक्क्यावरून सुमारे 1.1 टक्क्यावर जातो. मिनिटाला 3,000 फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये तो सेकंदाला 100 हादरे देतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एका जॉइंटचा दोष दुसरा काढून टाकतो. पण कॅस्टर परत आणण्यासाठी पुढचा ॲक्सल मागे फिरवला, की डिफरन्शियलचे मागे वळलेले तोंड खाली झुकते आणि हे साम्य मोडते. म्हणजे स्टिअरिंगची दुरुस्ती शाफ्टच्या मुळावर येते. या पेचातून सुटण्यासाठी एका टोकाला दुहेरी जॉइंटचा शाफ्ट घालावा लागतो. सर्वांत उंच गाड्या बनवणारे त्याच वाटेला जातात.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळे वरखाली होणाऱ्या, गाड्यांत चित्र उलटे आहे. तिथे डिफरन्शियल चासीला धरलेला असतो, त्यामुळे स्प्रिंगांनी चासी उचलली की तोही वर जातो आणि खालची जागा खरोखरच वाढते. पण चाकांकडे जाणारे अर्धशाफ्ट तिरपे होतात, त्यांचे सीव्ही जॉइंट (तिरप्या कोनातही एकसारखा वेग देणारे सांधे) मोठ्या कोनात फिरतात, रबरी बूट ताणून फाटतात आणि आत धूळ गेल्यावर जॉइंटचे आयुष्य उतरणीला लागते. मग तो कोन कमी करण्यासाठी काहीजण डिफरन्शियलच चकत्यांनी खाली आणतात, म्हणजे मिळवलेल्या जागेतला काही भाग आपल्याच हातांनी परत करतात. या रचनेत 50 मि.मी.च्या पुढे जाण्याआधी मी दोनदा विचार करीन.

ब्रेकची एक बारीकशी गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. काही गाड्यांत, विशेषतः सामान वाहणाऱ्या, मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका झडपेपर्यंत बारीक सळई जाते. गाडीवर ओझे पडले की चासी खाली येते, सळई झडप उघडते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. उचललेल्या गाडीत चासी ॲक्सलपासून कायमच दूर असते, म्हणून झडपेच्या लेखी गाडी नेहमीच रिकामी असते. पूर्ण भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक मग अर्धवट काम करतात. ब्रॅकेट बदलून किंवा सळईची लांबी जुळवून हे तेवढ्यात सुटते, पण आधी कळायला हवे. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण खाली लोंबल्यावरही ताणत नाहीत ना, हे पाहणे ओघाने आलेच.

मोठ्या टायरचा हिशेबही सोडून चालत नाही. वर सांगितलेल्या 840 मि.मी. टायरमुळे चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी सुमारे 8.4 टक्के अधिक पुढे जाते. स्पीडोमीटर 80 दाखवत असताना खरा वेग जवळपास 87 असतो. गिअर तेवढेच लांब झाल्यासारखे वागतात, चढावर ताकद कमी पडते, आणि ब्रेकला अधिक मोठ्या व जड चाकाला आवरावे लागते.

उलटण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. दोन चाकांमधल्या आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले, की गाडीच्या स्थैर्याचा एक सोपा अंदाज मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2001 पासूनच्या आपल्या उलटण्याविषयीच्या श्रेणीत तोच वापरला. अंतर 1,500 मि.मी. आणि गुरुत्वमध्य 700 मि.मी. उंचीवर असेल, तर हा अंक 1.07 येतो, म्हणजे गाडी आडव्या उतारावर कागदोपत्री 47 अंशांपर्यंत तग धरेल. स्प्रिंगांनी 50 मि.मी. आणि टायरांनी 32 मि.मी. उचलल्यावर, ॲक्सल आणि चाके स्प्रिंगांबरोबर वर जात नसल्याने, गुरुत्वमध्य साधारण 70 मि.मी.ने चढतो. अंक 0.97 होतो आणि कोन 44 अंश. हे तीन अंश किरकोळ वाटतात, पण कागदावरची गाडी ताठ दगडासारखी आहे. खऱ्या गाडीत स्प्रिंगा झुकतात, टायर दबतात, छतावर सामान असते आणि आडव्या घसरणीत चाक कडेच्या खळग्यात अडते, म्हणून ती या आकड्याच्या खूप आधी उलटू शकते. चाके बाहेर सरकवणाऱ्या रिमांनी थोडे स्थैर्य परत मिळते. त्याची किंमत मग चाकांच्या बेअरिंगांना मोजावी लागते.

गुरुत्वमध्य फारसा न चढवता खालची जागा वाढवण्याचे मार्ग अभियंत्यांना माहीत आहेत, पण ते चकत्यांनी साधत नाहीत. मर्सिडीज-बेंझच्या युनिमॉग ट्रकच्या ॲक्सलचा मध्य चाकाच्या मध्याच्या वर असतो आणि चाकाजवळची गिअरची जोडी फिरण्याची ताकद खाली उतरवते. त्या जोडीतच वेग घटत असल्याने वरच्या शाफ्टांवरचा ताणही कमी होतो. अमेरिकी सैन्याच्या हमवीने चाकाजवळचे हेच गिअर आणि चासीच्या पोटात वर बसवलेली यंत्रणा यांच्या जोरावर सुमारे 406 मि.मी. जागा मिळवली, आणि तरीही तिची एकूण उंची 1.83 मीटरच्या आसपास, तर रुंदी 2.1 मीटरहून अधिक ठेवली.

दुसरा मार्ग उंची गरजेपुरतीच घेण्याचा. सित्रोएनने 1955 च्या डीएस गाडीत वायू आणि तेलाच्या सस्पेन्शनची उंची चालकाच्या हाती दिली, तर रेंज रोव्हरवर 1992 मध्ये हवेच्या स्प्रिंगा आल्या. अशा गाडीतही सर्वांत वरच्या पातळीवर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि अर्धशाफ्ट तिरपेच असतात. म्हणून ठरावीक वेग ओलांडताच तिचा संगणक चालकाला न विचारता हवा सोडतो आणि गाडी खाली आणतो.