मेंदू चोळला की कातडं कायमचं मऊ?

‘हरणाच्या कातड्याला त्याचाच मेंदू चोळा, ते कायमचं मऊ राहतं’ असा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीबद्दलचा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. मेंदू वापरतात, हे खरंच. पण काम तेवढ्यावर भागत नाही.

मेंदूत स्निग्धांश आणि लेसिथिन असतं. लेसिथिनमुळे स्निग्धांश पाण्यात मिसळतो आणि ओल्या कातड्याच्या तंतूंपर्यंत पोचतो. मग कातडं पूर्ण वाळेपर्यंत ताणत राहावं लागतं. हात थांबला की तंतू चिकटलेच! एवढं करूनही ते भिजलं की पुन्हा कडक होतं. टिकाऊपणा देतो तो धूर: त्यातली अल्डिहाइडं नावाची रसायनं तंतूंना धरून ठेवतात. मेंदूऐवजी अंड्याचा बलक चालतो, धुराला मात्र सूट नाही.

पडताळायला हरीण नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाचं कातडं परवानगीशिवाय नुसतं बाळगणंही गुन्हा आहे, मग येऊरच्या जंगलात चितळ कितीही असोत. ठाण्यात तबला दुरुस्त करणाऱ्याकडून पुडीचं, म्हणजे तबल्यावर ताणलेल्या बकऱ्याच्या कातड्याचं, कात्रण मागून आणा. एक तुकडा भिजवून तसाच वाळवा, दुसरा वाळेपर्यंत बोटांनी ताणत राहा. पहिला पापडासारखा कडक, दुसरा त्यामानाने मऊ. आता दुसराही भिजवून नुसता ठेवून द्या. सकाळी तोही कडक झालेला असेल.