ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर भरपाईचा अर्ज कुठे करायचा?

सोलापूरच्या कुठल्याही पेपरचं आतलं पान उघडलं की ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार’ ही बातमी बहुतेक दिसतेच. पुणे-हैदराबाद महामार्ग, तुळजापूर रोड, विजापूर रोड, आणि गाळप हंगामात त्यात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांची भर. घरच्यांची समजूत अशी, की गाडीच सापडली नाही तर पैसे मागायचे कुणाकडे? पैसे मागता येतात. त्यासाठी केंद्र सरकारची योजना आहे, आणि तिचा अर्ज कोर्टात नव्हे, महसूल खात्याकडे जातो.

योजना काय आहे

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली १ एप्रिल २०२२ पासून ही योजना नव्या रूपात लागू आहे. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास जखमीला ५० हजार. आधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते, त्यामुळे अर्जाच्या भानगडीत कुणी पडत नसे. आता रक्कम वाढली, पण माहिती काही पोचलेली नाही.

‘गंभीर’ म्हणजे आयसीयूत असलेला माणूस असंच लोक धरून चालतात. कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणं किंवा दात तुटणंसुद्धा गंभीर दुखापतीत येतं. पायाला प्लास्टर घालून घरी बसलेला माणूसही पात्र ठरू शकतो. नुसतं खरचटलं असेल तर मात्र नाही.

एक अट नीट समजून घ्या. वाहन कोणतं होतं हे प्रयत्न करूनही कळलं नाही, तरच ही योजना. ड्रायव्हर पळाला पण ट्रक जागेवरच उभा होता, किंवा गाडीचा नंबर मिळाला पण तिचा विमाच नव्हता, तर ही प्रकरणं इथली नाहीत. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात.

केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचा

बहुतेक दावे इथेच कच्चे राहतात. जखमीला सिव्हिलला किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, काय झालं? सोबतचा माणूस घाबरलेला असतो, किंवा पोलिसांचं झेंगट नको म्हणून सांगून टाकतो, ‘गाडी स्लिप झाली.’ केसपेपरवर तसंच उतरतं. महिन्याभराने घरचे म्हणतात, मागून टेम्पोने उडवलं. मग चौकशी अधिकारी विचारणारच, की आधी स्लिप का सांगितलं? म्हणून पहिल्याच नोंदीत दुसऱ्या वाहनाने धडक दिल्याचं, ठिकाणाचं नाव आणि अंदाजे वेळ लिहून घ्या. मेडिको-लीगल केस (एमएलसी), म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद, झाली का तेही विचारा.

एफआयआर लवकर करा. सोलापुरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अशा दोन हद्दी आहेत. शहराबाहेर पडताच ‘ही आमची हद्द नाही’ ऐकायला मिळतं. पण झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्याला घ्यावाच लागतो, आणि फिर्यादीला त्याची प्रत फुकट मिळते. वाहनाचा रंग, प्रकार, नंबरातले दोन आकडे, जे आठवतं ते फिर्यादीत येऊ द्या. जवळच्या पेट्रोल पंपाचं, ढाब्याचं, सावळेश्वरसारख्या टोलनाक्याचं फुटेज घ्यावं असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं, नंतर विचारून उपयोग नसतो.

उपचाराच्या खर्चाचं वेगळं आहे. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा कॅशलेस उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतो. गाडी सापडलेली असो वा नसो. दवाखान्यात पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्या.

अर्ज कुणाकडे, कशाकशासह

अर्ज दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. तालुका अपघात जिथे झाला तो धरायचा, राहतो तो नव्हे. घर जुळे सोलापुरात आणि अपघात टेंभुर्णीजवळ झाला असेल, तर कागद माढा तालुक्याकडे जातात.

योजनेचा नमुना १ हा अर्ज आणि नमुना ४ हे हमीपत्र. त्यासोबत एफआयआरची प्रत, जखमी व अर्जदार दोघांचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत, दवाखान्याचं बिल. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला, जखमी असेल तर जखमी प्रमाणपत्र. घटनास्थळ पंचनाम्याची प्रतही लावा, चौकशीत तिची गरज पडतेच. वारस अनेक असतील तर सगळ्यांची नावं द्या. खरे दावेदार कोण हे चौकशी अधिकारी ठरवतात, तेव्हा रेशनकार्ड कामाला येतं.

आपल्याकडची नेहमीची अडचण नावांची. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांच्या गावात एफआयआरमध्ये सिद्राम, आधारवर सिद्धाराम आणि पासबुकात तिसरंच स्पेलिंग असतं. ही सगळी एकाच व्यक्तीची नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कुणी बाँड पेपर आणायला पिटाळलं तर हे सांगा.

अर्ज दिला की आवक नंबर घ्या. चौकशी अधिकाऱ्याने एका महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, तिथे १५ दिवसांत मंजुरीचा आदेश निघायचा, आणि त्यापुढे १५ दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संस्थेने, रक्कम थेट खात्यात जमा करायची. कागदावर असे दोन महिने. प्रत्यक्षात टेबल हलवायला आवक नंबर घेऊन जावंच लागतं.

आणखी एक गोष्ट पोलीस ठाण्यात सांगता येईल. १२ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे, की गुन्हा नोंदवून महिना झाला तरी वाहन सापडलं नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी. असं पत्र आलं नसेल तर मागून घ्या. तपास बंद करून ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवाल, कोर्टात पाठवली असेल तर तिचीही प्रत घ्या. वाहन सापडलं नाही याचा त्याहून पक्का कागद दुसरा नाही.

तरीही गाडीचा शोध सोडू नका

दोन लाख ही नाइलाजाची रक्कम आहे. नंबर सापडला तर हिशोब कुठल्या कुठे जातो. समजा, यंत्रमागावर महिना १५ हजार कमावणारा ३२ वर्षांचा माणूस गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी त्यातला चौथा हिस्सा वजा जाता १ लाख ८९ हजार. त्या वयाचा गुणक १६, म्हणजे ३० लाख २४ हजार, अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली हीच रीत न्यायाधिकरणं वापरतात. कमाईचा पुरावा मात्र लागतो. विडी कामगार बाईचं विडी कार्ड आणि लॉगबुक, यंत्रमाग कामगाराचा पगाराचा कागद जपून ठेवा. गृहिणीच्या घरकामाचंही उत्पन्न धरलं जातं, तिच्या मृत्यूचा दावा ‘ती कमवत नव्हती’ म्हणून कुणी सोडू नये.

हा दावा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात करता येतो, अपघात दुसऱ्या राज्यात झाला असला तरी, कारण अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ‘मिळतील त्यातले तीस टक्के माझे’ म्हणत दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

योजनेतले पैसे घेतले म्हणून न्यायाधिकरणाचा रस्ता बंद होत नाही. नंतर गाडी सापडून मोठी भरपाई मंजूर झाली, तर कलम १६३ प्रमाणे आधी घेतलेले २ लाख किंवा ५० हजार त्यातून परत करावे लागतात. नमुना ४ चं हमीपत्र त्यासाठीच असतं.