ग्रहाच्या वाटेतला डाग आणि वाटेबाहेरचा डाग

ट्रान्झिट म्हणजे काय ते थोडक्यात. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, लाइट कर्व्हमध्ये (वेळेनुसार ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख) खड्डा पडतो, सूर्यासमोरून गुरू गेला तर साधारण १ टक्का, पृथ्वी गेली तर ०.००८४ टक्के. ताऱ्यावरच्या डागांमुळेही प्रकाश कमी होतो, पण हे दोन खड्डे ओळखणं सहसा अवघड नसतं. डाग ताऱ्याबरोबर फिरतो (सूर्याची विषुववृत्तापाशी एक फेरी पंचवीसेक दिवसांची), त्यामुळे त्याची लाट दिवसेंदिवस चालते आणि हळूहळू आकारही बदलते, ट्रान्झिट मात्र काही तासांत उरकतो आणि ठरल्या वेळी परत येतो. फ्लेअर, म्हणजे ताऱ्यावरचा अचानक भडका, तर उलटा वर उसळतो, त्याचा प्रश्नच नाही.

खरा घोळ दोन डागांमध्ये आहे, एक ग्रहाच्या वाटेत येणारा आणि दुसरा वाटेबाहेर राहणारा. दोघांचा परिणाम एकमेकांच्या उलट, आणि तरी 'डागामुळे ट्रान्झिट खोल दिसतो' असं सरसकट लिहून लोक मोकळे होतात!

वाटेतला आधी घेऊ. डाग काळा नसतो, फक्त थंड असतो, सूर्यडागाचा गडद भाग ४००० केल्विनच्या आसपास आणि बाजूचा पृष्ठभाग ५८०० च्या आसपास. ग्रह डागावर आला की तो मुळातच मंद असलेला तुकडा झाकतो, म्हणजे कमी प्रकाश अडवतो, आणि खड्ड्याच्या तळाशी छोटा उंचवटा येतो. हॅट-पी-११ या ताऱ्याच्या केप्लर अवकाश दुर्बिणीच्या डेटात हे उंचवटे ट्रान्झिटमधल्या दोन ठरावीक जागीच जास्त दिसतात, कारण ग्रहाची कक्षा जवळजवळ ध्रुवांवरून जाते आणि डागांचे दोन्ही पट्टे ती एकेकदाच ओलांडते. मला लाइट कर्व्हमधली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

आता वाटेबाहेरचा, जो दिसत नाही म्हणून जास्त फसवतो. समजा डाग नसताना ताऱ्याचा प्रकाश १००, डागांमुळे झाला ९८. ग्रह स्वच्छ भागावरून जातोय, त्यामुळे तो अडवतो पूर्ण १. पण हा १ आता ९८ मधून गेला, म्हणजे खोली १ टक्का नाही, १.०२ टक्के. ग्रहाची त्रिज्या उगाच १ टक्क्याने फुगली. (डागांऐवजी फॅक्युलीसारखे उजळ भाग वाटेबाहेर असतील तर उलट, ग्रह लहान दिसतो.)

इथे माझं डोकं फिरवणारं वाक्य येतं, 'आम्ही डीट्रेंड केलंय, डागांचा परिणाम काढलाय' (डीट्रेंड म्हणजे कर्व्हमधली हळू लाट काढून तो सपाट करणं). अरे, लाट काढलीत, परिणाम नाही काढलात! ट्रान्झिटच्या आजूबाजूच्या पातळीने भागलं की ९७ भागिले ९८, खोली तीच १.०२. कर्व्ह टेबलासारखा सपाट दिसतो आणि चूक आत तशीच. भागण्याऐवजी डागांची लाट वजा केली तर ९७ चे ९९ होतात आणि खोली १ टक्का येते, पण त्यासाठी हा १०० कुठे आहे ते माहीत हवं. लोक सरळ कर्व्हमधला सगळ्यात वरचा बिंदू १०० धरतात. तेव्हाही डाग असू शकतात की! ध्रुवावर बसलेला किंवा सगळीकडे सारखे पसरलेले डाग लाट जवळपास करतच नाहीत, त्यामुळे 'कर्व्ह सपाट म्हणजे तारा शांत' हेही मला पटत नाही.

त्रिज्येतला १ टक्का कुणी सोडूनही देईल, पण ग्रहाचं वातावरण शोधताना, म्हणजे वेगवेगळ्या रंगांत खोली मोजताना, नाही सोडता येत. डाग थंड असल्यामुळे निळ्या प्रकाशात तो भोवतालच्या मानाने आणखी मंद दिसतो, म्हणून वाटेबाहेरच्या डागांमुळे ट्रान्झिट निळ्यात जास्त खोल येतो. ग्रहाच्या वातावरणातलं धुरकंही नेमकं तेच करतं. एचडी १८९७३३ बी या ग्रहाच्या ट्रान्झिटच्या खोलीचा निळ्याकडे चढत जाणारा उतार आधी धुरक्याचा म्हणून वाचला गेला, नंतर न झाकलेल्या डागांनीही तो समजावता येतो असं दाखवलं गेलं. गंमत म्हणजे याच ग्रहाच्या हबलने टिपलेल्या ट्रान्झिटमध्ये वाटेतल्या डागाचा उंचवटाही आहे, म्हणजे एकाच ताऱ्यावर दोन्ही भानगडी.