पूअर, रॉबर्ट मॉन्टॅग्यू

(२० मार्च १८६६ – १४ जुलै १९३८). ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि इंग्लंडमधील हॅम्पशर कौंटीचा हौशी फलंदाज. जन्म डब्लिनचा. विल्टशर रेजिमेंटमधून तो सातव्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीत आला. उंची सहा फूट चार इंच. क्रिकेट तो बऱ्याच उशिरा, आणि तेही बरेचसे पुस्तके वाचून शिकला.

त्याच्या खेळाला खरा आकार आला तो पुण्यात. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस (कार्यकाल १८९०–९५) स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. पूअर त्यांचा एडीसी, म्हणजे खास लष्करी सहायक, होता आणि गव्हर्नमेंट हाउसच्या संघाकडून त्याने सुमारे ८० च्या सरासरीने धावा केल्या. गणेशखिंडीतील ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. पुढे पलटण दक्षिण आफ्रिकेत असताना, १८९६ मध्ये, तो त्या देशाकडून इंग्लंडविरुद्ध तीन कसोटी सामने खेळला. त्यांत मात्र तो चमकला नाही.

त्याचे नाव राहिले ते १८९९ च्या एका उन्हाळ्यामुळे. जूनच्या मध्यास तो मैदानात उतरला आणि पोर्टस्मथ येथे सॉमरसेटविरुद्ध दोन्ही डावांत त्याने शतके ठोकली. पाठोपाठ लँकेशरविरुद्ध तिसरे. जुलैमध्ये टाँटनला पुन्हा सॉमरसेटच कचाट्यात सापडले. पूअरने ३०४ धावा केल्या आणि कॅप्टन टेडी विनयार्डसोबत (२२५) सहाव्या गड्यासाठी ४११ धावांची भागी रचली. विनयार्डही लष्करातलाच, जन्माने सहारनपूरचा! हॅम्पशरला पलटणींनी किती खेळाडू पुरवले, हे या एका भागीवरूनच कळते. मोसमाअखेर पूअरच्या १,५५१ धावा झाल्या, सरासरी ९१.२३. इंग्लिश मोसमातील ही सरासरी १९३० साली ब्रॅडमननेच मागे टाकली. १८९९ मध्येच पूअर पलटणीच्या विजयी पोलो संघातही होता.

असा मोसम त्याला पुन्हा लाभला नाही. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि डचवंशीय बोअर यांच्यात बोअर युद्ध पेटले. त्या युद्धात तो प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख, होता. कैद्यांच्या हत्येबद्दल १९०२ साली गोळ्या घातलेल्या ‘ब्रेकर’ मोरंट या ब्रिटिश बाजूच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणाचा अभ्यास करणारे त्याची रोजनिशी आजही चाळतात. हॅम्पशरकडून तो १९०६ पर्यंत अधूनमधून खेळला, रजा मिळेल तसा. पुढे ब्रिगेडियर जनरल झाला. बोर्नमथजवळ त्याचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, डिक मूरने ३१६ धावा काढून हॅम्पशरसाठीचा त्याचा ३०४ धावांचा विक्रम मोडला होता.