काबो ब्लांको (कोस्टा रिका) आणि तिथल्या पायवाटा

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक बाजूला निकोया द्वीपकल्प आहे, त्याच्या पार दक्षिण टोकाचं राखीव जंगल म्हणजे काबो ब्लांको. स्पॅनिशमधलं पूर्ण नाव ‘रेसेर्वा नातुराल आब्सोलुता काबो ब्लांको’, म्हणजे संपूर्ण राखीव निसर्गक्षेत्र. जमीन साधारण १,२०० हेक्टर (जुन्या नोंदींत १,१७२ दिसतो, नंतरच्यांत थोडा जास्त) आणि तिला लागून सुमारे १,७०० हेक्टर समुद्र. सगळ्यात उंच जागा जेमतेम ३७५ मीटर. लोकांना फिरायला खुल्या असलेल्या मुख्य वाटा दोनच, एक सेंदेरो सुएको म्हणजे स्वीडिश वाट आणि दुसरी सेंदेरो दानेस म्हणजे डॅनिश वाट. मध्य अमेरिकेतल्या जंगलात ही युरोपातली नावं कुठून आली ते खाली येईलच.

नाव : काबो ब्लांको म्हणजे पांढरं भूशिर. हे नाव सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लोकांनी दिलं असं सगळीकडे सांगतात, पण पांढरं नेमकं काय यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे या टोकाचे खडकच फिकट रंगाचे होते. दुसरं म्हणजे किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर काबो ब्लांको नावाचंच एक खडकाळ बेट आहे, त्यावर समुद्रपक्ष्यांची विष्ठा इतकी साचते की उन्हात ते लांबून पांढरंफेक दिसतं, त्यावरून नाव पडलं. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण जहाजावरून येणाऱ्याला आधी बेट दिसतं आणि मागचा डोंगर तर झाडीने हिरवागार. तरी एक सांगायला हवं, काबो ब्लांको हे त्या काळच्या खलाशांचं अगदी ठरलेलं नाव आहे, पेरूमध्ये याच नावाची जागा आहे आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे, त्यामुळे एका शब्दावरून फार मोठा इतिहास काढू नये.

पहिलं राखीव क्षेत्र कोणतं : गाईडबुकं सरसकट लिहितात की हे कोस्टा रिकातलं पहिलं संरक्षित क्षेत्र. स्थापना २१ ऑक्टोबर १९६३ ची, त्यात वाद नाही. वाद ‘पहिलं’ या शब्दाचा आहे. १९४५ मध्येच देशात पॅन अमेरिकन हायवेच्या दोन्ही बाजूंचं ओकचं जंगल कायद्याने राखीव केलं होतं, मग १९५५ मध्ये पर्यटन संस्था स्थापन करणाऱ्या कायद्यात ज्वालामुखींच्या मुखांभोवतीची दोन किलोमीटरची जमीन राष्ट्रीय उद्यान ठरवली गेली. म्हणजे कागदावर काबो ब्लांको पहिलं नाही. पण त्या दोन्ही तरतुदी बऱ्याचशा कागदावरच राहिल्या, आणि देशाची राष्ट्रीय उद्यान सेवा उभी राहिली ती १९७० च्या सुमारास, त्यामुळे हद्द आखून, जमीन ताब्यात घेऊन खरोखर राखलेलं पहिलं क्षेत्र असा अर्थ घेतला तर मान काबो ब्लांकोलाच जातो. या नोंदीत तोच अर्थ धरला आहे.

वेसबर्ग आणि मोगेन्सेन : स्वीडनचे ओलोफ वेसबर्ग (तिथल्या लोकांसाठी निकोलास) आणि त्यांची डॅनिश बायको कारेन मोगेन्सेन हे जोडपं १९५५ मध्ये जवळच्या मोंतेसुमाला येऊन राहिलं, फळझाडं लावली, आणि आजूबाजूचं जंगल गुरांच्या कुरणासाठी झपाट्याने तुटताना बघितलं. टोकाला थोडं जुनं जंगल शिल्लक होतं, ते विकत घेण्यासाठी त्यांनी परदेशातल्या निसर्गप्रेमींना पत्रं लिहून पैसे गोळा केले आणि सरकारच्या मागे लागून क्षेत्र राखीव करून घेतलं. १९७५ मध्ये ओसा द्वीपकल्पावरचं कोर्कोवादोचं जंगल वाचवायच्या खटपटीत असताना वेसबर्ग यांचा तिकडेच खून झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान झालं. कारेन १९९४ मध्ये गेल्या. दोन वाटांची नावं या दोघांच्या देशांवरून आहेत. मोंतेसुमाजवळ निकोलास वेसबर्ग यांच्या नावाचं वेगळं छोटं राखीव क्षेत्र आहे, कारेन यांच्या नावाचं आणखी एक आहे, आणि इंटरनेटवर या तिन्हींची हमखास सरमिसळ होते.

‘संपूर्ण’ म्हणजे काय : सुरुवातीला या शब्दाचा अर्थ शब्दशः होता, संशोधक आणि रखवालदार सोडून कोणालाच आत प्रवेश नाही. ही बंदी १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकली. नंतर काबुया या जवळच्या गावाच्या बाजूचा काही भाग उघडला, बाकीचा अजून बंद आहे, पश्चिमेच्या सान मिगेल बाजूला संशोधन केंद्र आहे. म्हणजे आब्सोलुता म्हणायचं आणि तिकीट काढून सोडायचं, यात विसंगती आहे ती आहेच. पण दोनच वाटा आणि आठवड्यातले दोन दिवस पूर्ण बंद ही बंधनं बघता मूळ हेतूला फार धक्का लागलेला नाही असं म्हणता येतं.

वाटा : डॅनिश वाट साधारण २ किलोमीटरची, प्रवेशाजवळच गोल फिरून परत येते, लहान मुलांना घेऊन आलेल्यांना किंवा वेळ कमी असलेल्यांना बरी. स्वीडिश वाट तिच्यापासूनच फुटते आणि थेट काबो ब्लांको बीचवर उतरते, जायचंच अंतर ४ ते ५ किलोमीटर, कुठून मोजता त्यावर. एका बाजूला दोन तास धरावेत. आकडा छोटा वाटतो म्हणून लोक फसतात, वाट आधी धारेवर चढते, मग उतरते, मधले ओढे पावसात वाहतात, मुळांवरून पाय घसरतो आणि दमट हवेमुळे घाम सुकतच नाही, आणि परत येताना हीच चढण दुपारच्या उन्हात समोर येते. बीचला लागून दुसरा छोटा बालसितास बीच आहे, तिकडे किनाऱ्याने ओहोटीलाच जाता येतं, भरतीला खडकांपाशी अडकायला होतं.

जंगलाचा प्रकार : याला ट्रॉपिकल रेनफॉरेस्ट म्हणायची पद्धत आहे, पण काटेकोर बोलायचं तर ते बरोबर नाही. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लेस्ली होल्ड्रिज यांनी १९४७ मध्ये मांडलेली आणि नंतर कोस्टा रिकात खूप वापरली गेलेली जी पद्धत आहे, तापमान, पाऊस आणि बाष्पीभवन यांवरून जंगलाचे प्रकार ठरवायची, तिच्यात ‘वर्षावन’ (रेनफॉरेस्ट) हे नाव फारच जास्त पावसाच्या पट्ट्यासाठी राखलेलं आहे. काबो ब्लांकोला वर्षाला साधारण २,३०० ते ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि डिसेंबर ते एप्रिल जवळपास कोरडे जातात, त्यामुळे ते ‘उष्णकटिबंधीय आर्द्र वन’ या गटात बसतं. उत्तरेला ग्वानाकास्ते प्रांताचं पानझडी जंगल आणि दक्षिणेला ओसाचं दाट ओलं जंगल, यांच्या मधला हा सांधा. म्हणूनच कोरड्या दिवसांत एकाच वाटेवर वर धारेला पायाखाली पाचोळा कुरकुरतो आणि खाली ओढ्याशी सगळं हिरवंगार.

दुसरी गोष्ट, यातलं बहुतेक जंगल मूळचं नाहीच. १९६३ मध्ये बराच भाग कुरण आणि शेत होता, तो नुसता सोडून दिल्यावर आपोआप परत वाढला. ओढ्याकाठचा एस्पावेल हा प्रचंड वृक्ष काजूच्याच वंशातला. पोचोते हा सावरीच्या कुळातला, खोडावर जाड काटे. सगळ्यात चटकन ओळखू येणारं झाड इंदिओ देस्नूदो, हे सालई आणि गुग्गुळाच्या कुळातलं. त्याची तांबूस साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटते, उन्हाच्या दिशेने बघितलं तर पापुद्रा आरपार चमकतो आणि खालचं खोड गुळगुळीत हिरवं दिसतं, पानं गळाली तरी ही हिरवी साल थोडंफार अन्न बनवत राहते.

प्राणी : हाऊलर माकडं (तिकडे मोनो कोंगो) आधी ऐकू येतात, नंतर दिसतात. पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं, कोआटी (रॅकूनच्या कुळातला लांब नाकाचा प्राणी), अगूटी (मोठा उंदरासारखा प्राणी), आर्माडिलो (अंगावर कवच असलेला प्राणी), पांढऱ्या शेपटीचं हरीण हेही आहेत. बेटावर तपकिरी बूबी या समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत आहे, बीचवरून पेलिकन आणि फ्रिगेटबर्डही दिसतात. वाळूत शंख घेऊन चालणारे खेकडे शेकड्यांनी, सावलीत शांत बसलं की त्यांची बारीक खडखड ऐकू येते आणि जरा पाय हलवला की सगळे एकदम शंखात.

भूरचना : इथे कोकोस भूपट्ट (भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) कॅरिबियन भूपट्टाखाली घुसतो, आणि द्वीपकल्पाचं हे टोक भूशास्त्रीय हिशोबाने भराभर वर येतंय. त्याचा पुरावा म्हणजे किनाऱ्यालगतचे सपाट पायऱ्यांसारखे टप्पे, एकेकाळी लाटांनी कापलेला समुद्रतळच तो, आता वर येऊन त्यावर झाडी उभी आहे. इथलाच भाग इतक्या वेगाने का उचलला जातो याचं पटणारं स्पष्टीकरण असं की कोकोस पट्टावरचे समुद्राखालचे डोंगर या टोकाखाली घुसताना वरची जमीन ढकलतात. मार्च १९९० मध्ये इथे जवळच सुमारे ७ तीव्रतेचा भूकंप झाला होता, तो याच हालचालीचा भाग.

जाणं-येणं : पुंतारेनासहून फेरीने पाकेराला, तिथून कोबानो, मोंतेसुमा, मग काबुया. काबुयाच्या समोर एका छोट्या बेटावर गावाची दफनभूमी आहे, तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं. काबुयापासून प्रवेशद्वार दोनेक किलोमीटर. सोमवार आणि मंगळवार बंद, बाकी दिवस टाइमिंग सकाळी ८ ते दुपारी ४. आत मुक्काम करता येत नाही, त्यामुळे बीचवर जायचं असेल तर दार उघडताच निघावं, आणि बीचवरून परतीचा चढ उशिरात उशिरा दीडला सुरू करावा.